पेटीच्या भात्यापासून सांबऱ्याच्या धावपट्टीपर्यंत: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची पार्श्वभूमी

बेळगावकराला पेटीबद्दल वेगळं काही सांगायला नको. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या गावात भाता किती दाबला की सूर किती धरतो, हे भजनी मंडळातल्या पोरालाही कळतं. त्यामुळे घरी विमान चालवायचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, कुठून आला आणि कुठला घ्यावा असं कुणी विचारलं की मी भात्यापासूनच सुरुवात करतो. ही ओढूनताणून लावलेली जोड नाही, सुरुवात खरोखर तिथेच झाली आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविनला उडायचं वेड लागलं, पण शिकवणी महाग. कारखान्यात भाते, झडपा आणि हवेचे पंप पडलेलेच होते. त्यांच्यावर त्याने आखूड पंखांचं, लाकडी, एका माणसाचं विमान बसवलं. दांडी मागे ओढली की पुढच्या भात्यात हवा भरायची आणि नाक वर यायचं. डावीकडे कलवली की विमान डावीकडे कलायचं. 1929 साली हे यंत्र तयार झालं, आणि विमान शिकवणाऱ्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ते गेलं मनोरंजनाच्या बागांमध्ये, आपल्याकडे जत्रेत पाळणा लागतो तसं. पैसे टाका, बसा, हला.

दिवस फिरले ते 1934 मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं. रात्र, धुकं, बर्फ, आणि बाहेर काही न दिसता नुसत्या उपकरणांवर उडायचा सराव फारसा कुणाला नव्हता. काही आठवड्यांतच डझनभर माणसं मेली. त्या काळात लष्करी अधिकाऱ्यांना भेटायला लिंक स्वतः विमान घेऊन खराब हवेतून नेवार्कला उतरला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. लष्कराने सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी 3,500 डॉलरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर वैमानिक याच यंत्रात, निळ्या रंगाच्या डब्यात बसून शिकले.

या डब्याची खरी गंमत त्याच्या झाकणात होती. शिकणारा आत बसला की वरून झाकण बंद. बाहेरचं काही दिसायचं नाही, समोर फक्त उपकरणांचे काटे. डोंगर, ढग, नदी, गाव, काहीच नाही. म्हणजे आज ज्या देखाव्यावर आपण भाळतो, तो देखावा सिम्युलेटरच्या जन्माच्या वेळी नव्हताच. घरी कुठला सिम्युलेटर घ्यावा हा प्रश्न आला की मी याच मुद्द्याकडे परत परत येतो. उडणं हाताला शिकवायचंय की डोळ्यांना दाखवायचंय?

घरात हे यंत्र आणलं ब्रूस आर्टविक याने. इलिनॉय विद्यापीठात 1975 मध्ये त्याने कॉम्प्युटरवर उड्डाणाचं चित्र कसं हलवता येईल यावर प्रबंध लिहिला, आणि दशक संपता संपता ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला. नुसत्या रेघांची जमीन, चौकटी चौकटींची. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला. तेव्हापासून वीसेक वर्षं जगभरातल्या हौशी लोकांचं पहिलं उड्डाण शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्स फील्डवरून व्हायचं. आम्हीही त्यातलेच. मित्राकडे अठ्ठ्याण्णवची आवृत्ती होती, टिळकवाडीत त्याच्या वडिलांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, रविवारी दुपारी. बेळगाव सोडून कुठे गेलो नव्हतो, पण शिकागोची धावपट्टी कुठे संपते आणि पाणी कुठे लागतं हे पाठ होतं. (ती धावपट्टी मार्च 2003 मध्ये तिथल्या महापौरांनी एका रात्रीत खणून टाकली, तेव्हा आम्हाला आपल्याच गल्लीतलं मैदान गेल्यासारखं वाटलं.)

जॉयस्टिक नव्हती. कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या आकड्यांवर सगळं. दोन दाबला की नाक वर, आठ दाबला की खाली, पाच म्हणजे डावं-उजवं सरळ. दोनवर बोट जरा जास्त राहिलं की नाक आभाळात, मग घाबरून आठ, की नाक जमिनीत. खेळ अवघड आहे असंच आम्ही समजत होतो. खरं तर बोटाला दाब मोजता येत नव्हता, एवढंच. लिंकच्या भात्याला जे जमत होतं, थोडं ओढलं की थोडं आणि जास्त ओढलं की जास्त, ते आकड्यांच्या बटणाला जमत नाही. म्हणून नवशिक्याने पैसे घालायचे तर आधी जॉयस्टिकवर घालावेत, मग बाकी काय ते. मूठ पिळली की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं) फिरतो अशी साधी जॉयस्टिक पुरते. पायाखालचे पेडल, मोठा योक (विमानाचं स्टिअरिंग) ही पुढची चैन. ओळखीतल्या एका पोराने उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या लेथवर पेडल करून घेतले आहेत, पण तो बेळगावचा, त्याला करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

नव्वदच्या दशकात दोन फांद्या फुटल्या. ऑस्टिन मेयर हा स्वतः वैमानिक. उपकरणांवर उडायचा सराव घरी करता यावा म्हणून त्याने जे लिहिलं, त्यातून एक्स-प्लेन आलं. ते विमानाचे लहान लहान तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यावर हवा किती जोर लावते याचं गणित दर क्षणी करतं. दुसरं फ्लाइटगिअर. हे जगभरातल्या लोकांनी फुकट काम करून वाढवलेलं आणि फुकटच मिळणारं. दिसायला साधं, मांडणी थोडी किचकट, पण सेस्नासारखं छोटं शिकाऊ विमान उडवायला शिकायचं तर जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

मायक्रोसॉफ्टने मात्र जानेवारी 2009 मध्ये हा खेळ बनवणारा आपला स्टुडिओच बंद केला. अकरा वर्षं हौशी लोक 2006 च्या आवृत्तीवर ठिगळं लावत बसले. मग ऑगस्ट 2020 मध्ये नवा आला, आणि त्याने उपग्रहाच्या चित्रांवरून सगळी पृथ्वीच उभी केली. लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेल्यांनी आपापलं छप्पर शोधलं. पण त्याची भूकही तशीच. डिस्कवर 150 जीबी जागा, मेमरी 16 जीबी असली तर बरी, आणि इंटरनेट 20 एमबीपीएस. 2024 ची आवृत्ती तर जमीन-डोंगर बहुतेक इंटरनेटवरूनच ओढते. शहरात फायबर आहे त्यांचं भागतं. खानापूरच्या आतल्या गावात, पावसाळ्यात झाड पडून वायर तुटली की चार दिवस मोबाईलवर काम भागवायचं, तिथे हा खेळ घेतलात तर धुरकट पोपटी मैदानावरून उडत बसाल. तिथे एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर घ्यावा. एक्स-प्लेन विकत घेण्याआधी त्याचा फुकट नमुना ठरावीक वेळ आणि ठरावीक प्रदेशात चालवून बघता येतो. तो आधी आपल्या मशीनवर टाकून बघावा.

आता कुठला सिम्युलेटर घ्यावा हा प्रश्न आपल्याकडे इतका का विचारला जातो, ते सांगतो. सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ. तिथली धावपट्टी 1942 ची, ब्रिटिश हवाई दलाची. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त करताना हंटर लढाऊ विमानं इथूनच उडाली आणि बांबोळीचं वायरलेस केंद्र त्यांनी उडवलं. पुढे हवाई दलाची प्रशिक्षण शाळा इथे राहिली, 2017 ला नवं टर्मिनल झालं. इकडे महामार्गावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनू लागले. 2021 मध्ये वैमानिक घडवणाऱ्या शाळांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारीबरोबर बेळगावही होतं. शिकाऊ विमान विमानतळाभोवती एकच चौकोन पुन्हा पुन्हा मारतं. शेतात उभं राहून ते बघणाऱ्या पोराला उडायचं वेड लागायला एवढं पुरतं.

माझ्या भाच्यालाही पुरलं. दहावीची सुट्टी, जुना लॅपटॉप, उधारीची जॉयस्टिक. मी त्याला सांबऱ्यावर सेस्ना 172 मध्ये बसवून दिलं, पश्चिमेकडे तोंड, समोर बेळगाव शहर आणि त्यापलीकडे सह्याद्री. इंजिन चालू करून त्याने पहिली हाक मारली ती अशी, "मामा, हे बिघडलंय. अजून जमिनीवरच आहे आणि काटा अडीच हजार फूट दाखवतोय."

"बिघडलेलं नाही रे," मी म्हटलं. "समुद्रापासून आपण तेवढे वरच राहतो."

तो काट्याकडे बघत राहिला. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची दांडी, पुढे सारला, आणि वेगाचा काटा पंचावन्न नॉटला आल्यावर जॉयस्टिक हळूच मागे ओढली.