घर बंद होतं म्हणून विम्याचा दावा नाकारला? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी अर्ज, कागद आणि दाद

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले सातव्या मजल्यावरचे काका-काकू चार महिने लेकीकडे परदेशात गेले होते. जाताना गॅस बंद केला, दोन कुलपं लावली, पाण्याचा मुख्य कॉक मात्र तसाच राहिला. एका सकाळी सहाव्या मजल्यावरून वॉचमनला फोन आला, "छत गळतंय." वर फ्लशच्या टाकीचा कनेक्शन पाइप तुटला होता आणि बेडरूमचं लाकडी फ्लोअरिंग पापडासारखं फुगलं होतं. विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला सर्व्हेअर आला, त्याने भिंतींकडे बघायच्या आधी महावितरणची बिलं मागितली. तीन महिने युनिट जवळपास शून्य. "घर बंद ठेवणार हे कंपनीला कळवलं होतं का?" कळवलं नव्हतं. महिन्याभरात नकाराचं पत्र आलं.

उलवे, खारघर, कामोठे इथे गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली किती घरं कुलूपबंद आहेत, हे रात्री बाल्कन्यांमधला अंधार बघितला की कळतं. त्यामुळे हा प्रश्न एकट्या काकांचा नाही.

आधी पॉलिसी कशाची आहे ते बघा. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, तसंच पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं हे सगळं तिच्यात येतं. घर मालकीचं असेल तर इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेता येतो, भाडेकरूला फक्त आपल्या सामानाचा. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप लागू होतं. विम्याची रक्कम ठरते ती पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर. फ्लॅटचा बाजारभाव एक कोटी असला तरी त्यातला मोठा भाग जागेचा असतो, आणि जागा जळत नाही.

चोरीबाबत मात्र लोक हमखास फसतात. या मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती फक्त आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत झाली तरच. बंद घराचं कुलूप तोडून कपाट साफ केलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि 'घर बंद' ही अट सगळ्यात कडक असते ती त्याच विभागात. बऱ्याच पॉलिसींत घर बंद राहण्याला सलग ३० दिवसांची मर्यादा असते, काहींत वेगळी. 'अनऑक्युपाइड' (कोणी राहत नसलेलं घर) हा शब्द पॉलिसीत शोधा आणि तो कुठल्या विभागाखाली छापलाय ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. हे का सांगतोय ते पुढे येईल.

घर महिन्याहून जास्त बंद राहणार असेल तर निघण्यापूर्वी कंपनीला ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, पत्ता, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, किल्ली कोणाकडे. एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, मागा आणि ते हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. एजंटला फोनवर सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही. घर भाड्याने देणार असाल तर तेही असंच कळवायचं. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघावं आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये वेळेसकट सही करावी. घर वाऱ्यावर सोडलं नव्हतं हे दाखवायला ती सही उपयोगी पडते.

नुकसान झालं की त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या. आवराआवर करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, तुटलेला पाइप फेकू नका. दाव्याचा अर्ज, पॉलिसीची प्रत, घराच्या नोंदणीचा उतारा (इंडेक्स टू) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, वस्तूंची बिलं, बँकेचा तपशील आणि सोसायटीचं पत्र एवढं बहुतेक वेळा लागतं. आग असेल तर जे अग्निशमन दल आलं त्याचा दाखला. चोरी असेल तर एफआयआर, आणि तपास लागला नाही तर पुढे पोलिसांचा 'ए समरी' अहवाल. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कागद अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही. सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत आणि त्यावरचा निर्णय पुढच्या ७ दिवसांत व्हायला हवा. हळूहळू मुरलेली ओल, जुनाट गळती यांचे पैसे मिळत नाहीत, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

नकार आला तर तो लेखी घ्या, कलमासकट. त्याच कलमाला धरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उत्तर लिहा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. ठाणे, नवी मुंबई, रायगड आणि पालघरसाठी हे कार्यालय आता ठाण्यातच आहे: जीवन चिंतामणी इमारत, दुसरा मजला, वसंतराव नाईक महामार्ग, ठाणे पश्चिम. पुण्याला पाठवा असं अजूनही काही एजंट सांगतात, ते जुनं झालं. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा आणि त्याच प्रकरणात ग्राहक आयोगात खटला चालू नसावा. लोकपालांचा निवाडा तक्रारदाराला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतोच, म्हणून आधी लोकपालांकडे जाण्यात तोटा नाही.

काकांनी पॉलिसी माझ्याकडे आणली तेव्हा आम्ही चहा गार होईपर्यंत ती चाळली. नकाराच्या पत्रात लिहिलेलं कलम घरफोडीच्या विभागातलं निघालं; पाइप फुटण्याच्या विभागात घर बंद असण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेवढंच अर्ध्या पानात लिहून तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं, सोबत त्या पानाची प्रत. लोकपालांपर्यंत जावंच लागलं नाही, कंपनीने दावा पुन्हा उघडला. फ्लोअरिंगचे पैसे आले. सहाव्या मजल्याच्या छताचे मात्र काकांनी खिशातून भरले, कारण शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी मूळ पॉलिसीत येत नाही, ते संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.