श्रीलंका, मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवरचे पेट्रोल पंप

हिंदी महासागरातल्या बेटांवर गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्याला पंपावरच्या पाट्या हमखास दिसतात आणि त्या पाट्या बघूनच कळतं की इथे तेलाच्या धंद्यात कोणाचं चालतं. यातली सगळ्यात भारी भानगड श्रीलंकेत आहे.

श्रीलंकेत पेट्रोल पंपाला 'शेड' म्हणतात, त्यामुळे टुकटुकवाल्याला पंप कुठे असं विचारण्यापेक्षा शेड कुठे विचारा, पटकन कळतं. सगळ्यात जास्त शेड सेपेटको म्हणजे सरकारी सिलोन पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या. ही कंपनी १९६१ च्या कायद्याने झाली, मग पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारने शेल आणि अमेरिकेच्या एसो, कॅलटेक्स या तेल कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि नुकसानभरपाईचं काही ठरेना म्हणून अमेरिकेने १९६३ मध्ये चक्क मदतच थांबवली. पुढे बरीच वर्षं देशात पाटी एकच.

२००३ ला लंका आयओसी आली, म्हणजे आपली इंडियन ऑइलच. तोच नारिंगी गोल, तीच निळी पट्टी, कोलंबोत पहिल्यांदा बघितल्यावर क्षणभर पुणे-सातारा रोडवर आहोत असं वाटतं. हिचा दुसरा पाय त्रिंकोमालीत आहे, तिथे इंग्रजांनी बांधलेल्या ९९ तेलटाक्या आहेत आणि जानेवारी २०२२ च्या करारात त्यातल्या १४ लंका आयओसीकडे, २४ सेपेटकोकडे आणि उरलेल्या ६१ दोघांच्या भागीदारीत अशी वाटणी झाली.

त्याच वर्षी देशाकडे डॉलर संपले आणि शेडसमोर कित्येक दिवसांच्या रांगा लागल्या. सेपेटकोकडचा साठा संपत आला तेव्हा काही दिवस सामान्य माणसाला जे काय थोडंफार मिळत होतं ते लंका आयओसीकडेच. मग सरकारने क्यूआर कोडचा फ्युएल पास काढला, सुरुवातीला आठवड्याला बाइकला ४ लिटर, टुकटुकला ५ आणि कारला २०. हा कोटा सप्टेंबर २०२३ ला उठला.

त्या संकटानंतर सरकारने परदेशी कंपन्यांना दार उघडलं. चीनची सिनोपेक ऑगस्ट २०२३ पासून आली आणि आल्या आल्या लिटरमागे ३ रुपये कमी लावून बाकीच्यांना डिवचलं. ऑस्ट्रेलियाची युनायटेड पेट्रोलियम २०२४ ला आली आणि पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळायला लागली. शेलही आरएम पार्क्स या अमेरिकन कंपनीच्या हाताने परत आली, म्हणजे साठेक वर्षांपूर्वी जिला घालवलं तीच. प्रवाशाने एवढंच बघायचं, पेट्रोल ९२ आणि ९५ ऑक्टेनमध्ये मिळतं, डिझेल ऑटो आणि सुपर असं दोन प्रकारचं, आणि भरायला माणूस असतो, स्वतः नळी हातात घ्यायला जाऊ नका.

मॉरिशसमध्ये उलटं. पाट्या चार दिसतात: इंडियन ऑइल, शेल, टोटलएनर्जीज, एन्जेन. पण स्वस्त पंप शोधत फिरण्यात काही अर्थ नाही, कारण तेल आणते एकटी सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन आणि भावही सरकारी, त्यामुळे पोर्ट लुईत जो दर तोच दक्षिणेकडच्या गावात. गंमत म्हणजे बरीच वर्षं हे तेल आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं, म्हणजे शेलच्या पंपावर भरा नाहीतर टोटलच्या, टाकीत मंगळूरच. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतल्या गाड्याही त्याच तेलावर चालल्या.

रीयुनियन फ्रान्सचं असल्यामुळे दर तिथला प्रीफे म्हणजे फ्रेंच सरकारचा बेटावरचा प्रतिनिधी दर महिन्याला ठरवतो. सेशेल्समध्ये तर निवडायचा प्रश्नच नाही, सेपेक ही सरकारी कंपनी एकटीच. आणि तिथल्या ला दीग बेटावर गेलात तर पंपाचा विचारच सोडा, पर्यटक सगळे सायकलवर असतात.