शोधा, बदला, परत ठेवा: हॅश मॅपमधील मूल्य अद्ययावत करण्याची पार्श्वभूमी

हॅश मॅप म्हणजे ‘की’ (नोंद ओळखण्याची खूण) आणि तिचे मूल्य अशा जोड्या साठवणारी रचना. तिच्यातील एखाद्या ‘की’चे मूल्य बदलणे हे आज एका ओळीचे काम असले, तरी त्या ओळीमागे दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. ती ‘की’ मुळात नसेल तर काय करायचे, आणि आपण जुने मूल्य वाचून नवे लिहीपर्यंतच्या क्षणात दुसऱ्या कोणी तेच मूल्य बदलले तर काय करायचे? या दोन प्रश्नांना प्रत्येक भाषेने वेगळे उत्तर दिले. ती उत्तरे ठाऊक असल्याशिवाय ‘गेट’ (मूल्य वाचणे) करून ‘पुट’ (मूल्य ठेवणे) करण्याची सवय कुठे चालते आणि कुठे घात करते, हे नीट कळत नाही.

मूळ कल्पना आयबीएममधली आहे. हान्स पीटर लून यांनी जानेवारी 1953 मध्ये एका अंतर्गत टिपणात सुचवले, की ‘की’वर गणिती प्रक्रिया करून थेट तिच्या कप्प्याचा क्रमांक काढावा आणि एकाच कप्प्यात आलेल्या नोंदी साखळीने जोडाव्यात. त्याच सुमारास आयबीएम 701 या यंत्राचा असेम्बलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लिहिताना जीन अ‍ॅमडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीऐवजी पुढची रिकामी जागा शोधत जाण्याची रीत वापरली. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी 1957 मध्ये तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघात आंद्रेई येर्शोव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते.

या रचनेतच मूल्य बदलण्याची सोय आहे, कारण नोंदीची जागा फक्त ‘की’वरून ठरते, मूल्याचा तिच्याशी काहीच संबंध नसतो. म्हणून मूल्य जागच्या जागी बदलता येते, आणि असेम्बलरला नेमके तेच हवे असते: एखादे नाव आधी वापरले जाते, त्याचा पत्ता मागाहून कळतो, तेव्हा नोंद तीच राहून पत्ता भरला जातो. नोंद काढून टाकणे त्या मानाने अवघड, कारण पुढची जागा शोधत जाण्याच्या पद्धतीत मधली नोंद पुसली की शोधाचा माग तुटतो. आणि मॅपमध्ये ठेवलेली ‘की’च बदलली, तर नोंद जुन्याच कप्प्यात पडून राहते आणि शोध नव्या कप्प्यात होतो. मूल्य खुशाल बदला, ‘की’ला हात लावू नका, हा नियम इथूनच आलेला आहे.

सामान्य प्रोग्रामरपर्यंत ही सोय पोहोचवण्यात बेल लॅब्जमध्ये 1977 साली तयार झालेल्या ऑक या भाषेचा वाटा मोठा आहे. मजकुरातले शब्द मोजायचे असतील, तर त्या शब्दाच्या नोंदीपुढे दोन अधिक चिन्हे लिहिली की काम झाले. ‘आणि’ हा शब्द पहिल्यांदा आला तर त्याचे न ठेवलेले मूल्य शून्य मानले जाते आणि त्याचा एक होतो. ही सोय मोहक आहे, पण तिची किंमतही आहे: नुसते मूल्य विचारले तरी ऑकमध्ये रिकामी नोंद तयार होते. सी++ च्या मॅपमधला चौकटी कंसही तसाच वागतो. पायथनने उलट भूमिका घेतली आणि नसलेली ‘की’ मागितल्यास त्रुटी दिली. मग ती अडचण दूर करण्यासाठी 2000 साली ‘सेटडिफॉल्ट’, 2006 साली ‘डिफॉल्टडिक्ट’ आणि पुढे 2.7 या आवृत्तीत ‘काउंटर’ अशी भर पडत गेली. माझ्या मते पायथनची मूळ भूमिकाच योग्य होती, कारण नकळत जन्मलेली नोंद शोधून काढणे हे समोर आलेली त्रुटी दुरुस्त करण्यापेक्षा फार कष्टाचे असते.

जावाने तिसरा मार्ग घेतला: ‘की’ नसेल तर ‘नल’, म्हणजे ‘मूल्य नाही’ ही खूण. डिसेंबर 1998 मध्ये जावा 1.2 सोबत हॅशमॅप आला, तेव्हा एक मोजणी वाढवायची म्हणजे मूल्य काढा, ते ‘नल’ आहे का पाहा, इंटीजर (पूर्णांक ठेवणाऱ्या) वस्तूतून संख्या काढा, एक मिळवा, नवी वस्तू बनवा आणि ‘पुट’ करा, असा सगळा प्रवास होता. त्यात एकाच ‘की’चा शोध दोनदा होई, पण खरा धोका वेगाचा नव्हता. एका ‘की’चे मूल्य 5 आहे असे समजा. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या शाखा) ते एकाच वेळी वाचतात, दोघेही 6 लिहितात, आणि 7 व्हायला हवे तिथे 6 राहते. त्रुटी येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, फक्त हिशेब चुकतो. जावाच्या आधीच्या हॅशटेबलमध्ये प्रत्येक क्रियेला लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) होते, तरी हा दोष त्यातही होताच, कारण ‘गेट’ आणि ‘पुट’ यांच्यासाठी कुलूप वेगवेगळे लावले-उघडले जाई आणि त्यांच्यामधली फट उघडीच होती.

जावा 5 मध्ये, 2004 साली, अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरण्यासाठीचा कन्करंटहॅशमॅप आला. त्यात जुने मूल्य अजून तेच असेल तरच नवे ठेवणारी ‘रिप्लेस’ क्रिया होती. ती फसली तर पुन्हा वाचून पुन्हा प्रयत्न करायचा. मार्च 2014 मधल्या जावा 8 ने ‘मर्ज’ आणि ‘कम्प्यूट’ दिले, तेव्हा विचारच पालटला: मूल्य बाहेर काढून बदलण्याऐवजी बदलण्याची कृतीच मॅपच्या हाती द्यायची. ‘मर्ज’ला ‘की’, एक हा आकडा आणि बेरजेची कृती दिली, की नसलेली नोंद एकने सुरू होते आणि असलेली एकने वाढते. मात्र ही क्रिया अखंड, म्हणजे मध्ये दुसऱ्या थ्रेडला शिरू न देता, घडण्याची हमी कन्करंटहॅशमॅपमध्ये आहे. साध्या हॅशमॅपमध्ये तेच नाव वापरले तरी थ्रेडपासून संरक्षण मिळत नाही, आणि हा गैरसमज आजही सर्रास दिसतो. शिवाय दिलेल्या कृतीने त्याच मॅपमध्ये दुसरे बदल करू नयेत, अशी अट आहे. जावा 8 मध्ये ती मोडल्यास कार्यक्रम अडकून पडू शकत असे, म्हणून जावा 9 पासून अशा वेळी त्रुटी देण्याची व्यवस्था झाली.

गो भाषेत मॅपमधल्या स्ट्रक्टचे (अनेक घटक एकत्र ठेवणाऱ्या मूल्याचे) एखादे फील्ड, म्हणजे घटक, थेट बदलू पाहिले, तर कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) नकार देतो. टेबल वाढताना नोंदी दुसरीकडे हलतात, त्यामुळे मूल्याचा पत्ता हाती देणे तिथे सुरक्षित नसते.

रस्ट या भाषेत पत्ता हाती मिळतो, पण तो हाती असेपर्यंत मॅपला दुसऱ्या कोणी हात लावणार नाही, याची खात्री कंपायलर करून घेतो. आरंभीच्या रस्टमध्ये ‘शोध किंवा घाल’, ‘घाल किंवा बदल’ अशा प्रत्येक गरजेसाठी वेगळी क्रिया होती. मे 2015 मध्ये 1.0 आवृत्ती येईपर्यंत त्या सगळ्यांच्या जागी एकच ‘एन्ट्री’ आली: एकदा शोध घ्यायचा, हाती भरलेली किंवा रिकामी जागा येते, आणि पुढे काय करायचे ते आपण ठरवायचे. मला हे उत्तर सर्वांत स्वच्छ वाटते, कारण ‘की’ नसण्याची शक्यता इथे लपवलेली नाही. उणीव एकच: ‘एन्ट्री’ला ‘की’ची मालकी द्यावी लागते, म्हणजे नोंद आधीच असली तरी उसन्या मजकुराची नवी प्रत बनवावी लागते. म्हणून जिथे बहुतेक ‘की’ आधीपासून असतात, तिथे प्रथम ‘गेट-म्यूट’ने (बदलता येण्याजोगे मूल्य देणाऱ्या क्रियेने) पाहून, न सापडल्यासच ‘इन्सर्ट’ करणे स्वस्त पडते; आणि 2019 पासून रस्टच्या मानक हॅशमॅपचा पाया असलेल्या हॅशब्राउन या लायब्ररीत उसन्या ‘की’वरच चालणारी ‘एन्ट्री-रेफ’ ही क्रियाही उपलब्ध आहे.