ठराव झाला म्हणून कुत्रा काढावा लागत नाही

आई गेल्यावर बाबा ठाण्याच्या घरात दिवसदिवस गप्प बसायचे, मग मोती आला, आता तो रोज सकाळी सहाला बाबांची चप्पल तोंडात धरून दारात उभा, की दोघं निघाले उपवन तलावावर, बाबा परत बोलायला लागलेत. आणि सोसायटीत वर्षानुवर्षं एकच ऐकतोय, मीटिंगमध्ये ठराव पास झाला की कुत्रा काढावाच लागतो. साफ चुकीचं आहे हे! भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या गाईडलाइन्समध्ये स्पष्ट आहे, बहुमत असलं तरी बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. आपण रेबीजची लस, पट्टा, घाण उचलणं सांभाळायचं. शेजारच्या काकूंनी असंच घाबरून त्यांचा कुत्रा देऊन टाकला, काका जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्याची वाटी अजून गॅलरीत आहे.