प्ले स्टोअर आणि फोनवरचे खेळ (ग्रामीण विदर्भ)

प्ले स्टोअर हे अँड्रॉइड फोनवर ॲप आणि खेळ मिळण्याचे गूगलचे अधिकृत दुकान. २२ ऑक्टोबर २००८ रोजी ते ‘अँड्रॉइड मार्केट’ या नावाने सुरू झाले. आजचे नाव ६ मार्च २०१२ रोजी मिळाले. आयफोनसाठी ॲपलचे ॲप स्टोअर आहे, पण विदर्भातल्या खेड्यात आयफोन क्वचितच दिसतो. तिथे खेळ घ्यायचा तो प्ले स्टोअरवरूनच.

त्याआधी खेळ तालुक्याच्या गावाहून यायचे. ‘डाउनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या मोबाईल दुकानात मेमरी कार्ड द्यायचे आणि गाण्यांबरोबर दोन-चार जावा गेम (साध्या फोनवर चालणारे छोटे खेळ) भरून घ्यायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, नेट स्वस्त झाले आणि ही चाल मोडली. तरी मोठा खेळ उतरवणे सोपे नव्हते. दिवसभराच्या वापरानंतर रोजच्या दीड जीबीत एक-दीड जीबीचा गेम बसत नाही; म्हणून पोट्टे रात्री बाराची वाट पाहतात, नवा डेटा सुरू झाला की डाउनलोड लावतात आणि रेंज धरेल अशा जागी, बहुतेकदा माळवदावर किंवा खिडकीत, फोन ठेवून झोपतात. काही वर्षे शेअरइट या ॲपवरून एका फोनचा गेम दुसऱ्यात टाकण्याची सोय होती. त्यात खेळाचा मोठा डेटा असलेले ‘ओबीबी’ फोल्डर घ्यायचे राहिले, तर गेम उघडतच नसे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये शेअरइटही होते.

प्ले स्टोअरच्या दुकानात काय असेल हे गावात ठरत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली. पबजीच्या जागी २ जुलै २०२१ ला आलेला बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा खेळ जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात ज्याच्या फोनमध्ये तो आधीच होता त्याचे चालू राहिले. नवा फोन घेणाऱ्याला मात्र तो मिळेना. मग व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फायली (प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवण्याच्या फायली) उघडल्या गेल्या. हा मार्ग धोक्याचाच, कारण अशा फाइलमध्ये कोणी काय घातले आहे ते कळत नाही आणि त्याच फोनमध्ये घरचे बँक खाते असते.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे जीमेल खाते. फोन बहुधा वडिलांचा असतो. तो घेताना खाते दुकानदारच काढून देतो, पासवर्ड बिलाच्या मागे लिहितो आणि ते बिल हरवते. फोन बिघडून रीसेट करावा लागला की तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि त्या खात्यावरच्या खेळाची प्रगतीही अडकून पडते. वयाचेही तसेच आहे. प्ले स्टोअर खेळांना ३+, ७+, १२+, १६+, १८+ अशा खुणा लावते. पण खाते वडिलांचे असल्यामुळे दुकानाच्या लेखी खेळणारा चाळिशीतला शेतकरी असतो, फोन मात्र सातवीतल्या मुलाच्या हातात.

बहुतेक खेळ फुकट उतरतात. पैसा जातो तो खेळातल्या डायमंड (खेळातले चलन), स्किन (पात्राचे, बंदुकीचे नवे रूप) यांवर. यूपीआय जोडलेले असेल तर वावरात गेलेल्या बापाला मेसेज संध्याकाळी दिसतो. खरेदीनंतर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता येतो, हे प्रत्येक घरी माहीत असायला हवे. प्रत्येक खरेदीआधी पडताळणी व्हावी अशी सोयही सेटिंग्जमध्ये आहे. पण ती लावायला लागतो तो जीमेलचा पासवर्डच.