एंट्रीयूयूआयडी : रेप्लिकेटेड एलडॅप डिरेक्टरीतील बदलते ओळखक्रमांक

एंट्रीयूयूआयडी : एलडॅप (डिरेक्टरी वाचण्या-लिहिण्याचा प्रोटोकॉल) वापरणाऱ्या डिरेक्टरीतील, म्हणजे वापरकर्ते, गट इत्यादींच्या माहितीकोशातील, प्रत्येक नोंदीला ती निर्माण होताच सर्व्हरने दिलेला आणि नोंद असेपर्यंत कायम राहणारा अनन्य ओळखक्रमांक. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या एलडॅप सर्व्हरमध्ये हेच काम मुख्यतः एनएसयुनिकआयडी हे ॲट्रिब्यूट (नोंदीतील माहितीचा एक घटक) करते, तर मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्टजीयूआयडी. नोंदीचे नाव म्हणजे डीएन बदलू शकते. आडनाव बदलते, खाते एका विभागातून दुसऱ्या विभागात हलते, पण ओळखक्रमांक तोच राहतो. डिरेक्टरी अनेक सर्व्हरांवर ठेवलेली असली की एका नोंदीच्या निरनिराळ्या प्रती याच क्रमांकावरून जुळवल्या जातात. तरीही ‘कालचा क्रमांक आज वेगळा दिसतो’ किंवा ‘दोन सर्व्हर एकाच डीएनसाठी दोन क्रमांक देतात’ अशा तक्रारी नेहमी येतात. त्यांची कारणे आणि शोध घेण्याची रीत हा या नोंदीचा विषय आहे.

उगम : या ॲट्रिब्यूटचे मूळ कोठे मानावे याबद्दल एकवाक्यता नाही. एका मतानुसार ते एक्स.५०० या डिरेक्टरी-मानकांच्या मालिकेत आहे. तिच्यातील एक्स.५२० मध्ये ‘युनिक आयडेंटिफायर’ नावाचे ॲट्रिब्यूट असून एखादे डीएन पुन्हा वापरात आल्यास जुनी व नवी वस्तू वेगळी ओळखता यावी हा त्याचा हेतू आहे. याच नावाचे पण वेगळे ॲट्रिब्यूट १९९१ च्या आरएफसी १२७४ मध्ये (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका), कोसाइन प्रायोगिक प्रकल्पाच्या स्कीमात, म्हणजे ॲट्रिब्यूटांच्या व्याख्यांत, आढळते. हा गोंधळ टाळण्यासाठी एलडॅपमध्ये एक्स.५२० मधील ॲट्रिब्यूटला एक्स५००युनिकआयडेंटिफायर असे नाव मिळाले. आरएफसी ४५१९ मध्ये ही दोन्ही आणि यूआयडी (वापरकर्त्याचे लॉगिन नाव) ही तीन ॲट्रिब्यूट भिन्न असल्याचे मुद्दाम नमूद केलेले आहे. हेतूच्या दृष्टीने एंट्रीयूयूआयडीचे एक्स.५२० मधील ॲट्रिब्यूटशी नाते दिसते, हे खरे.

दुसऱ्या मतानुसार एंट्रीयूयूआयडी हे रेप्लिकेशनच्या, म्हणजे अनेक सर्व्हरांवरील प्रती जुळत्या ठेवण्याच्या, गरजेतून आले. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या एलडप कार्यगटाने डिरेक्टरीच्या प्रतींसाठी समान नियम ठरवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या अपेक्षांचा दस्तऐवज आरएफसी ३३८४ हा २००२ चा आहे. अनेक सर्व्हरांवर लेखन चालू असताना डीएनवर विसंबता येत नाही आणि नावापासून स्वतंत्र अशी ओळख लागते, हा विचार त्या चर्चेत ठळक होतो. संपूर्ण बहुप्रमुख (एकाहून अधिक सर्व्हरांवर लेखन चालू देणारा) प्रोटोकॉल त्या गटाकडून पूर्णत्वास गेला नाही, मात्र २००६ च्या जूनमध्ये आरएफसी ४५३० (एंट्रीयूयूआयडी) आणि आरएफसी ४५३३ (आशय-समन्वय क्रिया, म्हणजे सिंकरेपल या रेप्लिकेशन यंत्रणेचा आधार) ही दोन्ही प्रसिद्ध झाली. ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरच्या २.२ या आवृत्तीत सिंकरेपल त्याआधीच आले होते. आरएफसी ४५३३ नोंदी ओळखण्यासाठी आरएफसी ४५३० मधील क्रमांकावर अवलंबून आहे, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रमांकाचा साचा मात्र डिरेक्टरीच्या जगाबाहेरून आला. यूयूआयडीची, म्हणजे सर्वत्र अनन्य ठरणाऱ्या क्रमांकाची, कल्पना साधारणतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपोलो कंपनीच्या नेटवर्क कॉम्प्युटिंग सिस्टिममध्ये आकाराला आली व तेथून ओएसएफ या संस्थेच्या डीसीई या वितरित संगणन व्यवस्थेत गेली. पुढे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे एक्स.६६७ (२००४), आरएफसी ४१२२ (२००५) आणि तिची जागा घेणारी आरएफसी ९५६२ (२०२४) असा तिचा प्रवास आहे. क्रमांक १२८ बिटांचा असून मजकुरात तो ३२ षोडशमान अंक व ४ संयोगरेषा मिळून ३६ चिन्हांत लिहितात.

स्वरूप व कार्य : आरएफसी ४५३० नुसार एंट्रीयूयूआयडी हे ऑपरेशनल (सर्व्हरने स्वतः सांभाळलेले), एकमूल्यी आणि वापरकर्त्याला बदलता न येणारे ॲट्रिब्यूट आहे. एकदा दिलेला क्रमांक अपरिवर्तनीय असतो. नाव बदलण्याच्या किंवा नोंद हलवण्याच्या क्रियेनेही तो बदलत नाही. यावरून दोषशोधनाचे मुख्य सूत्र मिळते. क्रमांक वेगळा दिसत असेल तर बहुतेक वेळा जुनी नोंद बदललेली नसून त्याच डीएनची दुसरी नोंद जन्माला आलेली असते. शोध बदलाचा न घेता जन्माचा घ्यावा.

सिंकरेपलमध्ये प्रोव्हायडर (प्रत पुरवणारा सर्व्हर) प्रत्येक नोंदीबरोबर तिचा १६ बाइटांचा क्रमांक पाठवतो आणि कन्झ्युमर (प्रत घेणारा सर्व्हर) स्वतःकडची नोंद त्याच क्रमांकाने शोधतो. ताजेतवाने करण्याच्या एका टप्प्यात प्रोव्हायडर अजून हयात असलेल्या नोंदींचे क्रमांक कळवतो, आणि ज्यांचा उल्लेख आला नाही त्या नोंदी कन्झ्युमर काढून टाकतो. प्रोव्हायडरवर डेटा नव्या क्रमांकांसह भरला गेला, तर डीएन तेच असूनही कन्झ्युमरच्या दृष्टीने सगळ्या जुन्या नोंदी नाहीशा झालेल्या असतात. त्या काढल्या जातात, नव्या येतात आणि मधल्या काळात लॉगिन अडतात. लॉगमध्ये एकाएकी डिलीट आणि ॲडच्या ओळींचा पूर आलेला दिसला की पहिला संशय येथेच घ्यावा.

कारणे : सर्वाधिक आढळणारे कारण बॅकअपच्या पद्धतीत आहे. एलडॅपसर्च हे शोधाचे साधन साध्या रीतीने चालवल्यास ऑपरेशनल ॲट्रिब्यूट येत नाहीत, ती ‘+’ चिन्ह देऊन मागावी लागतात. साध्या शोधातून बनवलेल्या एलडीआयएफ (नोंदी मजकुरात लिहिण्याचा साचा) फाइलमधून स्लॅपॲड या ओपनएलडॅपच्या साधनाने डेटा भरला की ते प्रत्येक नोंदीला नवा क्रमांक देते. स्लॅपकॅट या डेटाबेस बाहेर काढणाऱ्या साधनाने काढलेल्या फाइलमध्ये हे क्रमांक असतात. मात्र फाइल दुसऱ्या सर्व्हरवर चढावी म्हणून कोणी स्क्रिप्टने ऑपरेशनल ओळी गाळल्या, तर परिणाम तोच होतो. तीच गाळलेली फाइल दोन सर्व्हरांवर स्वतंत्रपणे भरली की प्रत्येक डीएनला दोन क्रमांक मिळतात. सर्व्हर लोड बॅलन्सरच्या (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे असतील तर ॲप्लिकेशनला क्रमांक दर विनंतीला आलटून पालटून दिसतो. सफिक्सची, म्हणजे डिरेक्टरीच्या वृक्षाच्या मुळाशी असलेली, नोंद याला विशेष बळी पडते, कारण रेप्लिकेशन जोडण्यापूर्वीच प्रत्येक सर्व्हरवर ती हाताने तयार करण्याची सवय असते.

दुसरे कारण समन्वय स्क्रिप्टांचे. मनुष्यबळ विभागाच्या यादीवरून खाती अद्ययावत करणाऱ्या काही स्क्रिप्ट नोंद हलवण्याऐवजी ती काढून पुन्हा घालतात. एका डेटाबेसातून दुसऱ्यात नोंद हलवायची असेल तर साधी नामबदल क्रिया सामान्यतः चालत नाही आणि तेथे काढणे-घालणे अपरिहार्य ठरते. तिसरे कारण, बहुप्रमुख मांडणीत एकच डीएन दोन सर्व्हरांवर जवळजवळ एकाच वेळी घातले जाणे. ३८९ मध्ये अशा वेळी नंतरच्या नोंदीच्या नावात एनएसयुनिकआयडी जोडले जाते, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एका नोंदीच्या नावाला ‘सीएनएफ’ हे संघर्षाचे चिन्ह व ऑब्जेक्टजीयूआयडी चिकटतो.

काही तक्रारी नुसत्या भासमान असतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ऑब्जेक्टजीयूआयडी १६ बाइटांच्या द्विमान रूपात देते आणि मजकुरात लिहिताना पहिल्या तीन गटांतील बाइट उलट क्रमाने मांडण्याची रीत आहे. एक साधन ००११२२३३-४४५५-६६७७-८८९९ अशी सुरुवात दाखवील, तर दुसरे त्याच मूल्यासाठी ३३२२११००-५५४४-७७६६-८८९९ अशी. चौथ्या गटापासून दोन्ही जुळतात, आणि हीच खूण निर्णायक आहे.

शोधाची रीत : लोड बॅलन्सर वगळून प्रत्येक सर्व्हरला थेट विचारावे. शोधाची व्याप्ती केवळ त्या डीएनपुरती ठेवून एंट्रीयूयूआयडी, क्रिएटटाइमस्टॅम्प, क्रिएटर्सनेम आणि एंट्रीसीएसएन (नोंदीतील शेवटच्या बदलाची खूण) ही चार मूल्ये मागवावीत. दोन सर्व्हरांवर निर्मितीची वेळ वेगळी असेल तर कोठेतरी नोंद नव्याने तयार झाली आहे आणि ती कोणत्या खात्याने केली हे क्रिएटर्सनेम सांगते. शेकडो नोंदींची निर्मिती काही सेकंदांच्या आत झालेली दिसली, तर फाइल भरल्याचा तो पुरावा आहे. निर्मितीची वेळ तंतोतंत सारखी पण क्रमांक वेगळे, असे आढळल्यास फाइलमधून फक्त क्रमांकाची ओळ गाळली गेली असावी. या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. स्थानिक वेळेच्या लॉगशी ताडताना हे विसरले की चुकीच्या माणसावर ठपका येतो.

एंट्रीसीएसएनमध्ये # चिन्हाने तोडलेले चार भाग असतात व तिसरा भाग सर्व्हर क्रमांकाचा असतो. त्यावरून शेवटचा बदल कोणत्या सर्व्हरवर झाला ते कळते. ओपनएलडॅपमध्ये हा क्रमांक ० ते ४०९५ या मर्यादेत असतो. दोन सर्व्हरांना चुकून एकच क्रमांक दिला गेल्यास बदल गळतात आणि मग सीएसएनवरून काढलेले निष्कर्षही फसवे ठरतात. सर्व्हरांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने जुळलेली आहेत ना, हेही पाहावे, कारण सीएसएनचा पहिला भाग वेळच असतो. ॲक्सेसलॉग (सर्व्हरवरील बदलांची नोंदवही) चालू असल्यास डिलीट व त्यामागोमागचे ॲड तेथे स्पष्ट दिसते.

दुरुस्ती : आधी कोणता सर्व्हर प्रमाण मानायचा ते ठरवावे. हा निर्णय सर्व्हरांच्या सोयीने न घेता, ॲप्लिकेशनांनी कोणते क्रमांक साठवून ठेवले आहेत ते पाहून घेणे योग्य. त्या सर्व्हरचा स्लॅपकॅट घ्यावा, इतर सर्व्हर थांबवून त्यांचे डेटाबेस रिकामे करावेत आणि तीच फाइल एकही ओळ न गाळता भरावी, किंवा सिंकरेपलला पूर्ण प्रत आणू द्यावी. मोजक्याच नोंदी बिघडल्या असतील तर ओपनएलडॅपमध्ये रिलॅक्स हे नियम शिथिल करणारे नियंत्रण वापरून जुन्या क्रमांकासह नोंद पुन्हा घालता येते. त्यासाठी मॅनेज हा अधिकार लागतो. काम झाल्यावर तो अधिकार काढून घेणे इष्ट.

३८९ मध्ये एलडीआयएफ भरण्याच्या ‘जी’ पर्यायाने नावावर आधारित, ठरावीक क्रमांक मिळवता येतात, म्हणजे एकच फाइल दोन सर्व्हरांवर भरली तरी क्रमांक जुळतात. फाइलमध्ये आधीच क्रमांक असतील तर तेच राखले जातात. ओपनडीएस या एलडॅप सर्व्हरच्या परंपरेतील सर्व्हरही फाइल भरताना क्रमांक डीएनवरून काढतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रिसायकल बिनमधून परत आणलेल्या वस्तूचा ऑब्जेक्टजीयूआयडी टिकतो, पण त्याच नावाने नवे खाते उघडल्यास तो मिळत नाही. एका फॉरेस्टमधून (डोमेनांच्या समूहातून) दुसऱ्यात स्थलांतर केल्यावरही तो नवा असतो.

ॲप्लिकेशनांवरील परिणाम : नेक्स्टक्लाउड (फाइल साठवण) आणि कीक्लोक (लॉगिन व्यवस्थापन) यांसारखी साधने वापरकर्त्याची जुळणी याच क्रमांकावर करतात. नेक्स्टक्लाउडमध्ये तर अंतर्गत वापरकर्तानाव मूळ रचनेत यूयूआयडीवरूनच बनते. क्रमांक बदलला की जुना माणूस नवा ठरतो आणि त्याच्या फाइली व हक्क जुन्या खात्यावर अडकून राहतात. जुने क्रमांक परत आणणे शक्य नसेल, तर ॲप्लिकेशनमधील जोडणीचा तक्ता डीएन किंवा कर्मचारी क्रमांकाच्या आधारे दुरुस्त करावा लागतो.