मुंबई–दिल्ली हवाई अंतर आणि उड्डाणवेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१४० किमी (साधारण ६१५ सागरी मैल) आहे. दोन्ही ठिकाणच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोलाईलगत काढलेले हे सर्वांत कमी अंतर. राजधानी एक्स्प्रेस सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा असा वळसा घेत सुमारे १,३८५ किमी धावते आणि त्याला साधारण साडेपंधरा तास घेते.

तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ छापलेली असते. ताशी ८००-८५० किमी वेगाच्या विमानाला एवढा वेळ का लागावा, हा प्रश्न रास्त आहे. छापील वेळ मोजली जाते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्यात पावणेदोन तासांच्या आगेमागे असतो. बाकीचा वेळ जमिनीवर जातो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत खिडकीतून पाहावे, तर पुढे चार-पाच विमाने शेपटाला शेपूट लावून उभी दिसतात. पश्चिमेकडे उड्डाण झाले तर विमान आधी जुहूच्या बाजूने समुद्रावर जाते आणि मग उजवीकडे वळून उत्तरेची वाट धरते. कागदावरची सरळ रेषा विमान कधीच तंतोतंत पाळत नाही.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. दिल्ली मुंबईच्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे असल्याने जाताना तो थोडा पाठीशी असतो, परतताना थोडा समोरून येतो. काही मिनिटांचा फरक पडतो.

खरे वेळापत्रक कोलमडते ते डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात. योग्य उपकरणे आणि प्रशिक्षित वैमानिक असतील तर दिल्लीत अगदी कमी दृश्यतेतही विमान उतरू शकते. उड्डाणाला मात्र त्याहून जास्त दृश्यता लागते. म्हणून आलेली विमाने अडकून पडतात, जागा भरते आणि मागून येणारी जयपूर, लखनऊ किंवा अहमदाबादकडे वळवली जातात. त्या दिवसांत पहाटेचे विमान पकडून दिल्लीत सकाळचे महत्त्वाचे काम ठेवू नये; आदल्या संध्याकाळी पोहोचलेले बरे.

ऑक्टोबर २०२५मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापासूनही दिल्लीचे अंतर जवळपास तेवढेच आहे. बदलतो तो घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता: पनवेल, अलिबाग किंवा पुण्याहून येणाऱ्याला उलव्याचा हा नवा विमानतळ जवळचा, बोरिवलीकराला सहारचा जुना. आता निघण्यापूर्वी टर्मिनलइतकेच विमानतळाचे नावही तिकिटावर नीट वाचावे लागते.